कापलेली बेशरम कुठे ठेवायची? भीमेकाठच्या एका गावाची तीन वर्षं

पार्श्वभूमी

मुळा-मुठा भीमेला मिळते त्याच्या खाली आणि उजनीचा फुगवटा सुरू होण्याच्या वर पुणे जिल्ह्यात भीमेच्या दोन्ही काठांना उसाची सलग पट्टी आहे. हे गाव त्या पट्टीतलं. गावाचं नाव देत नाही, कारण या हकिगतीत एका शेतकऱ्याचं नुकसान आहे आणि शेजारच्या गावाशी झालेला वाद आहे. दोन्ही गोष्टी मिटल्या आहेत, त्या पुन्हा उकरायच्या नाहीत. मी त्या गावचा नव्हे. वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे शेती करतो. नदीकाठी माजलेलं बेशरम नावाचं झुडूप काढायचं होतं, त्यासाठी त्याने बोलावलं म्हणून गेलो आणि पुढची तीन वर्षं जात राहिलो.

गावाच्या खालच्या शिवेला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात त्याच्या मोऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसतात, पाणी अडतं, काठावरच्या मोटारी चालू होतात. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले जातात. त्यामुळे काठाचा एक पट्टा वर्षातले बरेच महिने पाण्यात असतो आणि उन्हाळ्यात, धरणातून पाणी सोडण्याच्या दोन आवर्तनांच्या मध्ये, काही आठवडे उघडा पडतो. त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी वरून येतं, म्हणजे गाळाला खत फुकट. अशा जागी बेशरमीला काहीच कमी पडत नाही.

बेशरम म्हणजे शास्त्रीय नावाने आयपोमिया कार्निया. मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. पुरुषभर किंवा त्याहून उंच वाढणारे पोकळ फोक, हृदयाच्या आकाराची पानं, तोडल्यावर पांढरा चीक, आणि कर्ण्यासारखी फिकट जांभळी-गुलाबी फुलं. फुलं सुंदर असतात हे मान्य करायला हवं, कारण गावातल्या कित्येकांना ती आवडत होती. बियांवर रेशमी केस असतात, त्या पाण्यावर तरंगत जातात. पण तिचा खरा जोर बियांत नाही, फांदीत आहे. पेराशी ओल लागली की फोक मुळं धरतो. पाण्यात सहा महिने उभी राहते आणि कोरड्या बांधावरही जगते. कापली तरी येते, उपटून फेकली तरी येते, म्हणून हे नाव.

गावातले आण्णा सांगत की त्यांच्या तरुणपणी लोकांनी ती मुद्दाम आणून लावली होती. गुरं तोंड लावत नाहीत, पाणी घालावं लागत नाही, फोक खोचला की कुंपण तयार. मळईच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या, कडेला, विहिरीच्या थारोळ्याभोवती, परसदारी, अशी ती घरच्या माणसांच्या हातांनी आली. हे मी आवर्जून लिहितो, कारण बाहेरून आलेल्या वनस्पतींबद्दल बोलताना कुणीतरी परक्याने घात केला असा सूर लागतो. इथे तसं काही झालं नव्हतं. त्या वेळी ती उपयोगाची होती.

अडचण

नदी दिसेनाशी झाली होती. गावाच्या हद्दीतला काठ साधारण दोन किलोमीटरचा. त्यातला देवळापुढचा घाट आणि गुरं पाण्यावर नेण्याची एक वाट सोडली तर सगळीकडे बेशरमीची भिंत. भिंतीच्या आत रानडुकरं राहायची आणि रात्री उसात, भुईमुगात उतरायची. मोटारींच्या फूटव्हॉल्व्हपाशी पालापाचोळा आणि मुळांचा गुंता. भोई कुटुंबांची जाळी फोकांत अडकून फाटत.

जलपर्णीची तक्रार सगळे करतात. ती तरंगत येते, हिरवा गालिचा दिसतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. बेशरम जागेवर उभी असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. प्रत्यक्षात पाण्यात उभे असलेले फोक जलपर्णीला अडवून धरत होते. वरून आलेली जलपर्णी पुढे जायची नाही, फोकांत रुतून तिथेच वाढायची. गावाने दोन वर्षं जलपर्णी काढली होती आणि दोन्ही वर्षं ती परत आली होती. बेशरम न हलवता जलपर्णी काढण्यात अर्थ नाही, हे माझ्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं होतं. त्यासाठीच त्याने मला बोलावलं.

लोकांना हलवलं ते मात्र शेळ्यांनी. चांगल्या दिवसांत शेळी बेशरमीला तोंड लावत नाही. त्या उन्हाळ्यात दुसरं हिरवं काही उरलं नव्हतं, शेळ्या खाऊ लागल्या, आणि एकदा चटक लागली की तीच शोधू लागल्या. तिच्यात स्वेनसोनिन नावाचं विष असतं. ते एका दिवसात मारत नाही, खात राहिलं की मज्जासंस्थेवर साचत जातं. मान थरथरणं, मागचे पाय लटपटणं, अंगावरचं मांस झडणं. काठावरच्या वस्तीत, जिथे दोन-तीन शेळ्या हाच घरचा आधार, तिथे चार घरांत शेळ्या गेल्या. ग्रामसभेत हा विषय त्या बायकांनी मांडला.

समोरचे पर्याय

पहिला सूर तणनाशकाचा होता. तालुक्याच्या दुकानात मिळतं, दोन दिवसांत फवारून होईल. मी विरोध केला, आणि कारणं अशी दिली. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीडनियंत्रणाच्या व्यावसायिकांपुरता मर्यादित केला आहे, त्यामुळे गावाने पंप पाठीला लावून नदीकाठी फवारणं नियमात बसत नाही. दुसरं, खालची गावं हेच पाणी पितात. तिसरं कारण शेतकऱ्यांना लगेच पटलं. वारा फिरला तर फवारा काठालगतच्या उसावर, भाजीवर जाणार. हा पर्याय तिथेच संपला.

आण्णांनी विचारलं, "काँग्रेसवर ते भुंगे सोडले होते, तसे हिच्यावर नाहीत का?" प्रश्न चांगला होता. गाजर गवत, म्हणजे लोकांच्या तोंडी काँग्रेस गवत, आपल्या देशात पसरत असल्याची नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातच झाली. पुढे १९८४ साली मेक्सिकोहून आणलेले झायगोग्रामा भुंगेरे बंगळुरूत सोडले गेले आणि तिथून ते महाराष्ट्रातही आले. जलपर्णीवरही सोंडे भुंगेरे आहेत. बेशरमीचं अवघड आहे, कारण तिचं कूळ रताळ्याचं. दोन्ही आयपोमियाच. बेशरम खाणारा किडा रताळ्याच्या वेलाकडे वळणार नाही याची खात्री वर्षानुवर्षांच्या चाचण्यांशिवाय देता येत नाही. करमाळ्याच्या बाजूची रताळी महाशिवरात्रीला आणि आषाढीला पुण्याच्या बाजारात येतात. त्या शेतकऱ्यांच्या जिवावर कुणी प्रयोग करणार नाही. आण्णांना ते पटलं. हे उत्तर पुढे ते स्वतःच इतरांना देत असत.

तिसरा पर्याय यंत्र. चौथा, माणसांनी कोयता-टिकाव घेऊन करायचं काम. पाचवा, रोजगार हमीतून मजुरी मिळवायची. त्यासाठी अर्ज केला. तो एका कार्यालयात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला आणि उन्हाळा संपला. आम्ही त्याच्यावर विसंबून थांबलो असतो तर काहीच झालं नसतं, एवढं नक्की. पण अर्ज आदल्या दिवाळीलाच दिला असता तर काय झालं असतं, हेही मनात येतं.

एक वेगळा प्रस्तावही आला होता. शेजारच्या वीटभट्टीवाल्याने वाळलेली बेशरम जळण म्हणून विकत घ्यायची तयारी दाखवली. पैसे मिळणार म्हणून तरुण मंडळी खूश झाली. यावर बैठकीत दोन तास गेले. वस्तीतल्या एका मावशीने सरळ विचारलं, "इकत घेतली तर लोक ती ठिवतील का काढतील?" पुढच्या वर्षी विकायला काहीतरी हवं म्हणून एखादा कोपरा राखला जाणार, हे तिला दिसत होतं. ठरलं ते असं की वाळलेलं जळण गावातली घरं फुकट नेतील, विक्री होणार नाही. तीन वर्षांतला हा निर्णय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, आणि तो माझा नव्हता.

पहिलं वर्ष

मे महिना निवडला. गळीत हंगाम संपलेला, पेरण्यांना वेळ, आणि काठ उघडा. इथवर बरोबर होतं.

सुरुवात कुठून करायची यावर मात्र फारसा विचार झाला नाही. सगळ्यांना घाट आधी हवा होता, कारण तिथे देऊळ आहे, येणाजाणाऱ्याला दिसतं, चार दिवसांत फरक कळला तर माणसं टिकतील. हा युक्तिवाद मलाही पटला. श्रमदानाला पहिल्या रविवारी इतकी माणसं आली की कोयते कमी पडले. दुपारपर्यंत घाटाच्या दोन्ही अंगांना नदी दिसू लागली. एक आजी पायरीवर बसून कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. त्या म्हणाल्या की लग्न होऊन आल्या तेव्हा नदी अशीच दिसायची.

कापायला माणसं होती. वाहायला नव्हती. कापून पडलेले फोक काठावरच, पाण्यापासून आठ-दहा पावलांवर ढिगांनी रचले. वाळले की पेटवू असं ठरलं. ऊसतोडीची सवय असलेले हात होते, त्यामुळे फोकांचे हात-हातभर तुकडे करून मोळ्या बांधल्या गेल्या. शिकवलेलं सगळं डोक्यात असताना मी ते बघत उभा होतो आणि मला दिसलं नाही. लागणीसाठी उसाची टिपरी करतात, तशी आम्ही बेशरमीची टिपरी करत होतो.

दुसरी गोष्ट पोकलेनची. घाटाच्या वरच्या बाजूला नदी वळण घेते. तिथे बेशरम सगळ्यात दाट होती, आणि माणसांचा उत्साह तिसऱ्या रविवारपर्यंत ओसरला होता. गावातल्या एका कंत्राटदाराने दोन दिवस पोकलेन फुकट द्यायचं कबूल केलं. मला विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. खुंटासकट मुळं निघतील, परत फुटायची भीती नाही, असा माझा हिशेब होता. दोन दिवसांत वळणावरचा काठ पार उघडा, भुसभुशीत, नांगरल्यासारखा झाला. आम्हाला ते फार समाधानाचं वाटलं.

पावसाळ्यात काय झालं

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वळवाच्या एका पावसाने ढीग भिजले. वरचा थर वाळला होता, खालचा ओला राहिला होता. पेटवायला गेलो तर धूर झाला, जाळ झाला नाही. मग पेरण्यांची घाई लागली आणि ढीग तसेच राहिले.

जुलै-ऑगस्टात वरच्या धरणांतून विसर्ग वाढला, नदी पात्राबाहेर आली आणि ढीग उचलून घेऊन गेली. पाच-सहा किलोमीटर खाली दुसऱ्या गावची पाणीपुरवठा योजना आहे. आमच्या मोळ्या, त्यात अडकलेली जलपर्णी आणि इतर घाण तिथल्या जॅकवेलच्या, म्हणजे नदीतून पाणी उचलायच्या विहिरीच्या, तोंडाशी जाऊन बसली. चार दिवस त्या गावात नळाला पाणी आलं नाही. तिथल्या सरपंचांचा फोन आला तेव्हा मी आमच्या सरपंचांच्या शेजारीच बसलो होतो. "तुमी तुमचा काठ झाडून कचरा आमच्या दारात टाकला," हे त्यांचं वाक्य. उत्तर द्यायला काही नव्हतं.

त्याच पुरात वळणाचा काठ ढासळला. बेशरमीच्या मुळांनी ती माती धरून ठेवली होती. ती काढल्यावर दुसरं काही धरायला नव्हतं. आण्णांच्या भावकीतल्या एका शेतकऱ्याच्या लागणीच्या उसाचे दोन-अडीच गुंठे उभ्या पिकासकट पाण्यात गेले. त्या माणसाने पहिल्या रविवारी सगळ्यांना चहा दिला होता.

पाणी उतरल्यावर बघितलं तर घाटाच्या खाली, जिथे कधी बेशरम नव्हती अशा गाळाच्या दोन पट्ट्यांवर, रांगेत लावल्यासारखे कोंब उभे होते. आमची टिपरी.

दोन गावांची बैठक

गणपतीच्या आधी दोन्ही गावांची बैठक बंधाऱ्यावर झाली. देवळात किंवा ग्रामपंचायतीत न घेता ती बंधाऱ्यावर घ्यायची ही सूचना खालच्या गावची होती, आणि ती योग्य ठरली. समोर बंधाऱ्याच्या मोऱ्यांत अडकलेले फोक दिसत होते. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

तिथे तीन गोष्टी ठरल्या. ढासळलेल्या काठाच्या शेतकऱ्याला उसाचं त्या हंगामाचं उत्पन्न गावाने वर्गणीतून द्यायचं. जमीन परत आणता येत नव्हती, पीक तरी भरून देता आलं. पुढच्या वर्षी काम गावाच्या वरच्या शिवेपासून खाली सरकत करायचं, मग घाट कितीही उशिरा येवो. आणि खालच्या गावचे दोघे प्रत्येक रविवारी हजर राहतील. त्यांना देखरेख करायची होती, आम्हाला ती अपमानाची वाटली. पण दोनच रविवारांत ते दोघे टिकाव घेऊन कामाला लागले.

याच बैठकीत त्या मावशी पुन्हा बोलल्या. त्यांच्या घरी वर्षानुवर्षं बेशरमीचं जळण होतं. सिलिंडर संपला की तीच चुलीत. ती वाळवायची कशी हे त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं आमच्यापैकी कुणालाच नव्हतं. "ढीग केला की खालची काडी जगती. उभी करा, कडब्याचं बुचाड करता तशी. आन् मातीवर नगं, मुरमावर." हे ऐकल्यावर मी गप्प बसलो. मला पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे जाऊन विचारता आलं असतं.

दुसरं वर्ष

नियम एकच केला: जेवढी वाहून नेता येईल तेवढीच कापायची. दहा माणसं आली तर तीन कापणारी, तीन पहार-टिकावाने खुंट काढणारी, चार वाहणारी. वाहायला ट्रॅक्टरची ट्रॉली. कुणी हौसेने जास्त कापू लागला तर त्याला थांबवायचं. हे थांबवणं सोपं नव्हतं. लोक घरचं काम टाकून येतात, अंगात जोर असतो, आणि आपण म्हणतो आता बास. पहिल्या रविवारी दोन तरुण रागावून निघून गेले.

फोकांचे तुकडे करायचे नाहीत, अख्खे काढायचे. वाहताना वाटेत पडलेली काडीसुद्धा उचलायची, हे काम शाळेतल्या पोरांनी मनापासून केलं. काठापासून दूर, पूररेषेच्या बराच वर, गावाच्या मुरमाड माळावर बुचाडं उभी केली. मेच्या उन्हात तीन आठवड्यांत फोक खुळखुळीत वाळले. ज्यांना हवं त्यांनी जळण नेलं, उरलेलं जूनच्या आधी पेटवलं.

वेग पहिल्या वर्षाच्या निम्म्याहून कमी होता. पाच रविवारांत वरच्या शिवेपासून जेमतेम अर्धा किलोमीटर झाला. घाटाच्या दोन्ही बाजूंना बेशरम पुन्हा फुटून आली होती आणि ती तशीच उभी होती. देवळात येणारे विचारायचे, "यंदा काम बंद का?" हे ऐकून घेणं कठीण जायचं.

वळणाला हात लावला नाही. त्याच्या अलीकडच्या थोड्या काठावर एक प्रयोग केला. बेशरम पट्ट्यापट्ट्याने काढायची, एक पट्टा काढला की पुढचा ठेवायचा. मोकळ्या पट्ट्यात निरगुडीच्या फांद्या, वाळुंजाचे सोट आणि पाण्याच्या कडेला लव्हाळ्याचे गड्डे लावायचे. ते मूळ धरतील तेव्हाच मधला पट्टा काढायचा. वनखात्याच्या रोपवाटिकेतून आणलेली करंजाची रोपंही वरच्या अंगाला लावली. जलसंपदा विभागाच्या एका अभियंत्याने बघून सांगितलं की पात्रात मोठी होणारी झाडं लावू नका, पुराच्या पाण्याला अडथळा होतो. त्यामुळे करंज वर, झुडपं खाली, अशी मांडणी झाली.

भोई कुटुंबांचं म्हणणं आम्ही याच वर्षी पहिल्यांदा नीट ऐकलं. जाळी फाटतात ही त्यांची तक्रार खरीच होती, पण बुडालेल्या फोकांत माशांची पिल्लं आसऱ्याला राहतात हेही ते सांगत होते. चिलापी आल्यापासून बाकीचे मासे कमी झाले आहेत, आहे तोही आसरा गेला तर काय, हा त्यांचा प्रश्न. लव्हाळं वाढलं की आसरा होईल असं मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत. एका डोहाची कड मुद्दाम सगळ्यात शेवटी घ्यायची असं ठरवलं.

ऑक्टोबरची फेरी

पूर्ण कामाचा निकाल मेमध्ये लागत नाही, ऑक्टोबरात लागतो, हे दुसऱ्या वर्षी कळलं. पूर उतरल्यावर गाळ मऊ असतो. वाहून आलेल्या काडीला नुकती मुळं फुटलेली असतात. त्या वेळी शेंबडं पोरही दोन बोटांनी कोंब उपटून काढतं. तोच कोंब मेपर्यंत ठेवला तर टिकाव लागतो. बरगे बसून पाणी चढायच्या आधीचे दोन-तीन आठवडे, एवढीच ती संधी.

पहिल्या वर्षी आम्ही ती गमावली होती. गणपती, नवरात्र, पूर्वहंगामी उसाची लागण, दिवाळी, एकामागून एक आलं आणि काठावर कुणी फिरकलं नाही. दुसऱ्या वर्षी बचत गटाच्या बायकांनी फेरीची जबाबदारी घेतली. घटस्थापनेच्या आधी एक फेरी आणि दसऱ्यानंतर दुसरी. खांद्याला पोतं, हातात खुरपं, काठाने चालायचं, कोंब दिसला की मुळासकट काढून पोत्यात. पोतं माळावर नेऊन मुरमावर रितं करायचं. दोन सकाळींचं काम. मेमधल्या पाच रविवारांपेक्षा या दोन सकाळींनी जास्त साधलं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. त्यांचा फोटो कुणी काढला नाही.

तिसऱ्या वर्षाअखेरची स्थिती

वरच्या शिवेपासून साधारण एक किलोमीटर काठ मोकळा आहे आणि मोकळा राहिला आहे. तिथे जलपर्णी अडकून बसत नाही, पाण्याबरोबर पुढे जाते. ती खाली कुणाच्या तरी दारात जाते, याची जाणीव आता दोन्ही गावांना आहे. बंधाऱ्यावर साचलेली जलपर्णी बरगे काढायच्या आधी दोघांनी मिळून बाहेर काढली.

करंजाची निम्म्याहून जास्त रोपं गेली, काही पुराच्या गाळाखाली, काही शेळ्यांच्या तोंडी. निरगुडी चांगली धरली. वाळुंजाचे सोट जिथे ओल टिकली तिथेच जगले. लव्हाळ्याने मात्र पाण्याची कड आमच्या मदतीशिवायच पकडली. बेशरमीची सावली गेल्यावर ते आपोआप पसरत गेलं. हे आधी कळलं असतं तर रोपांवरचा बराच खर्च वाचला असता.

मोकळ्या जागी सगळंच चांगलं आलं असं नाही. दोन ठिकाणी गाजर गवत माजलं, एका ठिकाणी वेडी बाभूळ डोकं काढते आहे. त्यांची फेरी वेगळी करावी लागते, गाजर गवत फुलायच्या आत.

रानडुकरं पुढच्या गावाच्या हद्दीत गेली. त्या गावाने अजून काम सुरू केलेलं नाही आणि ते आमच्यावर नाराज आहेत.

घाटाच्या बाजूचा काठ अजून बेशरमीतच आहे. चौथ्या उन्हाळ्यात काम तिथवर पोचेल असा अंदाज आहे.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच आठवड्यात नदीच्या कडेने वरपासून खालपर्यंत चालायला हवं होतं, खालच्या गावच्या जॅकवेलपर्यंत. आम्ही आमच्या शिवेशी थांबलो. पाणी पुढे कुठे जातं हे सगळ्यांना माहीत होतं, पण तिथे जाऊन उभं कुणी राहिलं नव्हतं.

वळणावर यंत्र घालायच्या आधी काठाची माती कशी आहे, नदी कोणत्या अंगाला कापते आहे, हे आण्णांना विचारलं असतं तर ते सांगू शकले असते. पूर बघत त्यांचं आयुष्य गेलं होतं. मी मुळांबद्दल विचार केला, काठाबद्दल केला नाही. पोकलेन वाईट असतं असं मी म्हणणार नाही. सपाट, गाळाच्या मळईवर, जिथे मागे शेत नाही, तिथे ते उपयोगी पडलं असतं. नदी कापते त्या बाजूला ते न्यायला नको होतं.

जळण वापरणाऱ्या बायकांना पहिल्या ग्रामसभेत आम्ही "बाधित" धरलं. शेळ्या गेलेल्या, म्हणून त्यांचं ऐकून घेतलं. त्या या वनस्पतीच्या जाणकार आहेत हे लक्षात यायला एक पावसाळा आणि शेजारच्या गावाचे चार दिवस कोरडे नळ जावे लागले.

घाटापासून सुरुवात करायचा निर्णय मात्र मला अजूनही पूर्ण चूक म्हणवत नाही. पहिल्या रविवारी नदी दिसली नसती तर दुसऱ्या रविवारी किती जण आले असते? कदाचित घाटापुढचा थोडाच भाग, तोही सगळा माळावर वाहून नेऊन, करायला हवा होता, आणि बाकीचं काम वरून. माझा विद्यार्थी याच्याशी सहमत नाही. त्याच्या मते वरूनच सुरुवात करायला हवी होती, माणसं कमी आली असती तरी चाललं असतं. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

वळणावर ढासळलेल्या जागेच्या वरच्या अंगाला बेशरमीचा एक मोठा पट्टा अजून उभा आहे. त्याच्या मागे त्याच शेतकऱ्याचा ऊस आहे. त्याने हात लावू नका असं सांगितलं आहे, आणि समोरच्या पट्ट्यांतली निरगुडी दोन पूर काढते का ते आधी बघू म्हणतो. एक पूर तिने काढला आहे.